दादांची दारू

प्रिय सुचिता,

परवा फोनवर तू एवढी रडत होतीस की मला मध्ये शिरायला फटच सापडली नाही, म्हणून लिहायला बसले. शेजारच्या वेणूबाईंनी तुला कळवलं, आणि तू सुजितरावांना घेऊन रविवारी येतेस, दादांना गाडीत घालून पनवेलच्या व्यसनमुक्ती केंद्रात ठेवतेस, इथवर बेत ठरला. तर नणंदबाई, ऐक. तुझे दादा पीत नाहीत. खोकल्याच्या औषधानेही ज्याला चढते, त्या माणसाला दारुडा व्हायला निदान आणखी एक जन्म लागेल. तरी साऱ्या दिवेआगरात ते पितात अशी बातमी आहे, आणि ती माझ्यापासून सुरू झाली.

मुद्दाम नाही गं. वादळात सुपाऱ्या आडव्या झाल्या आणि आपण वाडीत खोल्या बांधून पाहुणे ठेवायला लागलो, तिथून हे सगळं. पुण्याचे पाहुणे शुक्रवारी येतात, मोदक खातात, समुद्राचे फोटो काढतात आणि रविवारी जाताना अर्ध्या अर्ध्या बाटल्या ठेवून जातात. तू आईंच्या हाताखाली वाढलीस, मी त्यांच्या हाताखाली नांदले. या घरात शिळ्या पोळीचा कुस्करा होतो, उरलेला भात फोडणीला पडतो, फणसाची आठळीसुद्धा वाया जात नाही. मग बाटली कशी टाकायची? कोकम सरबतात काहीही खपतं. पुढे पुढे पाहुण्यांनी बाटली पुरती संपवली की मला त्यांचा राग यायला लागला. हावरट मेले! तेव्हा पहिल्यांदा मनात पाल चुकचुकली.

दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगा असतात, हे मोबाइलवर वाचलं. श्रीवर्धनला गेले, तर दारात आपला गॅसवाला स्वागताला उभा. 'सिलिंडर कधी येणार?' एवढं विचारून परत फिरले. मग फोनवरची मीटिंग धरली. पण आपल्याकडे रेंज मिळते ती पाण्याच्या टाकीवर. तिथे चढून मी 'मला कबूल आहे' म्हणते तोच खालून वेणूबाई, 'काय गं कबूल? या वयात लग्न ठरवतेस की काय?' शेवटी दिघीची फेरी पकडून खाडीपलीकडे मुरुडला गेले. तिथे मला कोण ओळखतं? दारातल्या सज्जन गृहस्थांनी माझी सुती साडी, कुंकू, हातातली पिशवी पाहिली आणि हळूच म्हणाले, 'ताई, घरच्यांची मीटिंग पलीकडच्या खोलीत.' आणि मी गेले. आयुष्यभर कुणी दाखवील तिथे बसायची सवय. पाय आधी गेले, अक्कल मागून आली.

तिथे सगळ्या दारुड्यांच्या बायका. चहा उत्तम. माझी बारी आली तेव्हा मी सगळं खरं सांगितलं. तांदळाच्या डब्यातली बाटली, बडीशेपेचे बकाणे, चतुर्थीच्या मोदकांत गूळ घालायला विसरणं. फक्त नाव दादांचं घातलं. बायका रडल्या, मीही रडले. इतकं बरं वाटलं की मी दर आठवड्याला जायला लागले, आणि दादा दर आठवड्याला आणखी बिघडत गेले.

त्या खोलीतलं बाहेर बोलायचं नाही असा नियम आहे. पण तिथली सोनूबाई कोळीण नियमापेक्षा माया मोठी मानणारी. सुकी मासळी विकत विकत ती एक दिवस आपल्या फाटकात आली, टोपली उतरवली आणि दादांना धरलं. 'लाज नाय वाटत तुला? सोन्यासारखी बायको हाय, आन् तू तांदलान बाटल्या लपवतस?' अख्खी आळी बाहेर. दादांच्या हातात सोलायला घेतलेला नारळ होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आपल्या घरात तांदळाचा डबा कोण उघडतं, ते त्यांना ठाऊक. मग मान खाली घालून म्हणाले, 'चुकलं माझं, मावशी.'

त्यानंतर मला एक शब्द विचारला नाही. फक्त पाहुणे गेले की खोल्या स्वतः झाडायला लागले आणि उरलेल्या बाटल्या वाडीच्या टोकाला नेऊन ओतायला लागले. वेणूबाईंनी ते कुंपणावरून पाहिलं. झालं, पुरावा मिळाला. शिमग्याला गावकीने त्यांचा पालखीचा खांदा काढून घेतला. 'पाय लटपटले तर देव पडेल,' असं सांगायला जे आले, त्यांच्या तोंडाचा वास मी ब्रँडसकट ओळखला. दादा म्हणाले, 'बरं झालं, खांदा दुखतच होता.' तो खांदा तुझ्या आजोबांपासूनचा. पालखी दारावरून नाचत गेली तेव्हा ते पडवीतून हात जोडून उभे होते. मला बघवलं नाही.

म्हणून रविवारी ये, पण पनवेल राहू दे, आपण मुरुडला जाऊ. घरच्यांच्या खोलीत दादांना बसायचंय. एवढ्या बायकांत ते लाजतील, तू शेजारी बस. सोनूबाईशी ओळख झालेलीच आहे, तिची माफी मी मागून घेईन. मी या वेळी अलीकडच्या खोलीत जाणार. तिथे उभं राहून आपलं नाव आणि एक वाक्य बोलायचं असतं, आणि ते माझ्या तोंडून निघत नाही. म्हटलं, आधी कुणाला तरी लिहून पाहावं. मी किशोरी. दारू मी पिते, दादा नाहीत, आणि माझी मला ती सुटत नाही. बघ, लिहिलं. नणंदेला सांगून झालं. आता खोलीभर पुरुषांची काय बिशाद!

तुझीच,
वहिनी