डॉक्टरांच्या कोटाच्या बाह्या

तीर्थस्वरूप अक्कास,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे, भाऊजींचा खोकला आणि तुम्हा दोघांमधला अबोला (मागच्या पत्राच्या वेळी तो जोरात होता) हे तिन्ही आता उताराला लागले असतील असं धरून चालतो. या जागी 'विनंती विशेष' लिहायची पद्धत आहे, पण माझी विनंती वगैरे काही नाही, नुसती हकीकत आहे. तू विणून पाठवलेला स्वेटर मी सगळी थंडी अंगातून काढला नाही. रस्त्याने निघालो की लोक वळून वळून बघायचे. मी छाती पुढे काढून सांगायचो, आमच्या अक्काने विणलाय.

तर हकीकत अशी, की माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. (घाबरू नकोस. हे पत्र मीच लिहितोय.) मला मोतीबिंदू आहे हे मी घरात कोणाला कळू दिलं नव्हतं, आणि स्वतःलाही बेताबेतानेच कळू देत होतो. दुकानात सगळं जागेवर असलं की डोळ्यांची फारशी गरज लागत नाही. काळ्या दोऱ्याचं रीळ खणात डावीकडे, पांढरं उजवीकडे. काळ्या कापडाचं ठाण वरच्या फळीवर, गडद निळं खालच्या. सुई ओवायची वेळ आली की मी हात धुवायला उठायचो आणि जाता जाता सूनबाईला म्हणायचो, तेवढी ओवून ठेव गं. माझ्याइतके स्वच्छ हात या धंद्यात दुसऱ्या कोणाचे नसतील.

पण सूनबाईने एक दिवस दुकान झाडून पुसून लख्ख केलं आणि ठाणं परत ठेवताना वरचं खाली, खालचं वर केलं. तिचा काही दोष नाही. दोष असलाच तर माझ्या नशिबाचा, कारण नेमका तेव्हा इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांचा काळा कोट माझ्या हातात होता. कोटाचं अंग मी साफसफाईच्या आधी बेतलं होतं, बाह्या नंतर बेतल्या. कोट झकास बसला. डॉक्टर संध्याकाळी घाईघाईने आले, दुकानातल्या मिणमिणत्या दिव्याखाली त्यांनी तो चढवला आणि माझी पाठ थोपटून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते तोच कोट घालून परिषदेला गेले. परिषद कसली, तर डोळ्यांच्या डॉक्टरांची! चहाच्या सुट्टीत सगळे उन्हात आले, आणि काळ्या कोटाच्या निळ्या बाह्या त्या सगळ्या जाणकारांनी एकदम पाहिल्या. अक्का, रोगी समोर नसताना, नुसत्या शिवणकामावरून इतक्या डॉक्टरांनी मिळून कोणाचं निदान केलं असेल तर ते तुझ्या भावाचं. एक म्हातारे डॉक्टर आमच्या डॉक्टरांना म्हणाले म्हणे, "शिंपी तुमचा पेशंट नसेल, तर लवकर करून घ्या."

डॉक्टर माझ्या दुकानात आले ते तोच कोट घालून. रागावले असते तर मी भांडलो तरी असतो. पण ते हसत हसत म्हणाले, "काका, बाह्या बदलायच्या आहेत, पण आत्ता नाही. आधी तुमचा डोळा, मग माझी बाही. तोवर मी हाच कोट घालून दवाखान्यात बसणार, आणि विचारेल त्याला तुमचा पत्ता देणार." माझी तर पाचावर धारण बसली. जन्मभर कमावलेलं नाव हा माणूस अंगावर घालून गावभर हिंडणार!

त्यात शेजारचा न्हावी माझा हितचिंतक. त्याने दाढी करता करता, वस्तरा माझ्या गळ्यापाशी असताना, सगळी माहिती पुरवली. डोळा बाहेर काढतात, बशीत ठेवतात, धुतात आणि परत बसवतात. आता मी शिंपी माणूस. मला पहिली शंका आली की परत बसवताना सुलट-उलट कसं ओळखतात?

चेष्टा राहू दे. तुला खरं सांगतो अक्का, मला भीती वाटली ती वेगळीच. माझ्या हातून कापड चुकीचं कापलं गेलं तर मी जोड देतो, खिसा लावून झाकतो, गिऱ्हाइकाला पत्ता लागू देत नाही. डोळ्याला कुठला जोड देणार? आणि त्यातून दिसेनासंच झालं तर मला दुसरं येतं काय? शिवण्याखेरीज मला काहीही येत नाही. ही गोष्ट मी कोणाजवळ बोललो नाही. रात्री नीट जेवण जाईना, तेव्हा सूनबाईने ओळखलं आणि मला मुकाट्याने दवाखान्यात नेलं.

तिथे मी डॉक्टरांना धंद्याचा प्रश्न विचारला, टाके किती? ते म्हणाले, एकही नाही. मी उठून चालायला लागलो. कापायचं आणि न शिवता सोडून द्यायचं, हे माझ्या दुकानात कोणी केलं असतं तर मी त्याला उभा केला नसता. सूनबाईने दारातून परत आणलं. डॉक्टरांनी समजावलं की छेद इतका बारीक असतो, की तो आपला आपण मिटतो. म्हटलं, असं कापड कुठे मिळतं तेवढं मलाही सांगा.

ऑपरेशनच्या वेळी डोळ्यात थेंब घालतात आणि तोंडावर एक कापड टाकतात, त्याला डोळ्यापुरतं भोक असतं. त्या भोकाच्या कडेला तुरपाई नव्हती! एक सुटा धागा माझ्या नाकाशी गुदगुल्या करत होता. मी तसं सांगितलं तर डॉक्टर म्हणाले, "काका, आता बोलू नका." मग मी मनातल्या मनात ती कड दुमडून शिवायला घेतली. वर कसले कसले रंगीत दिवे हलत होते. माझी तुरपाई अर्ध्यावर आली नाही तोच डॉक्टर म्हणाले, झालं. मी विचारलं, सुरू कधी केलंत? मी जराही घाबरलो नाही, हे तुला मुद्दाम कळवतो.

पट्टी काढली तेव्हा समोर खुंटीवर तो कोट होता. बाह्या निळ्या होत्या गं. आंधळ्यालाही दिसाव्यात इतक्या निळ्या. मला मान वर करवेना आणि डॉक्टरांना हसू आवरेना. पुढे त्यांनी कामाची परवानगी दिल्यावर मी त्या उसवल्या आणि काळ्या बाह्या लावायला बसलो. सुई पहिल्या झटक्यात ओवली. मग दोरा ओढून काढला आणि उगाचच पुन्हा ओवली.

बाकी सर्व ठीक. भाऊजींना नमस्कार.

तुझा
धाकटा

ता. क. पट्टी सुटल्यावर मी तुझा स्वेटर उन्हात धरून पाहिला. अंग तपकिरी आहे, डावी बाही तपकिरी आहे, आणि उजवी बाही वांगी रंगाची आहे. सूनबाईला विचारलं, तर म्हणते, तुम्ही एवढे खूश होतात, सांगणार कोण? तू न बघता विणलास आणि मी न बघता मिरवला. अक्का, लोकरीचा रंग चुकणारी तू नव्हेस. वडिलांच्या दुकानात सगळ्या सुया तूच ओवून द्यायचीस. भाऊजींनी 'डोळे दाखवायला चल' म्हटलं, म्हणून तुमचा अबोला आहे, हे मला त्यांनीच फोनवर सांगितलंय. तेव्हा आता लिहितो ते विनंती विशेष: इकडे ये. आमचे डॉक्टर तुला तपासणार आहेत, मी शब्द घेतलाय. टाका पडत नाही.

ता. क. २. हे पत्र भाऊजीच तुला वाचून दाखवत असणार, म्हणजे अबोला सुटला असणार. भाऊजी, इथून पुढे मनात वाचू नका, तिला मोठ्याने ऐकू द्या. मी घाबरलो नाही असं वर लिहिलंय, ते खोटं आहे. नर्सबाईंचा हात मी असा आवळून धरला होता, की शेवटी त्या म्हणाल्या, "काका, हा मला कामाला लागतो." तुझ्या वेळी माझा धर. त्या दिवशी मी दुकान बंद ठेवणार आहे.

ता. क. ३. स्वेटरच्या बाहीला हात लावू देणार नाही. तुला उतरवून घ्यायला मी तोच घालून येईन, उन्हाळा असला तरी. येताना तुला नुसता स्वेटर दिसेल. जाताना बाही दिसेल. तेव्हा काय हसायचं ते हसून घे.