पप्पांचा पातळ चहा

रत्नागिरी
६ ऑक्टोबर २०२५

ख्रिस्तात प्रिय समर्थदादा,

सलाम. आम्ही दोघं बरी आहोत, तूही तिकडे बरा असशील. तुमच्या सेमिनरीत आठवडाभर फोन काढून घेतात ते एका परीने बरंच. नाहीतर मी कशाला पत्र लिहायला बसत्ये? शिवाय रविवारी तुझा फोन येतो तेव्हा पप्पा बाजूच्याच खाटेवर असतात आणि सगळं ऐकत असतात. झटक्याने त्यांची जीभ जड झाली, कान नाही झाले.

पप्पांची खबर अशी: उजवा हात होता तसाच आहे. पाय थोडा हलवतात. सकाळी मी चष्म्याच्या दुकानात जात्ये तेव्हा शेजारच्या सगुणामावशी येऊन बसतात. त्या पप्पांना मिरकरवाड्यातले भाव सांगतात, सुरमई काय आणि बांगडा काय, जसं काही पप्पा संध्याकाळी पिशवी घेऊन निघणारेत. दुपारी मी आल्ये की मग मी आणि पप्पा. रात्रीही मी आणि पप्पा.

गिळण्याचं अजून जमत नाही. डॉक्टरांनी पुन्हा बजावलंय, पातळ काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. चुकून श्वासनळीत गेलं तर न्यूमोनिया, आणि आता ते झेपणार नाही म्हणाले. म्हणून सगळ्यात ती घट्ट करायची पावडर ढवळायची. चहात घातली की चहा असा होतो की चमचा उभा राहील. पप्पा एक चमचा घेतात आणि म्हणतात, "खळ." सणाच्या आधी आई कपड्यांना घालायची ती. मी हसत्ये, तेही अर्ध्या तोंडाने हसतात. मग कप बाजूला सारून म्हणतात, "चा दे." बोरिवलीची रातराणी एस.टी. इतकी वर्षं चालवलेला माणूस, प्रत्येक थांब्यावर चहा प्यायलेला. दिवसभर तेच. चा दे. चा दे.

असो. तुला एक विचारायचं होतं. माझ्या दुकानात वैष्णवी म्हणून मुलगी आहे, तिला पडलेला प्रश्न आहे. आपल्यातली नाही ती, पण माझा भाऊ पाळक होणार म्हटल्यावर विचार म्हणाली. समज, माणसाच्या मनात एखादा वाईट विचार आला. त्याने बोलावला नाही, काही नाही, भांडी घासताना आला. तर तो विचार कोणाचा? त्याचाच, की बाहेरून आलेला? आणि आला एवढ्यावरच पाप लागतं का?

घाई नाही. सवडीने लिही.

तुझी
राही


रत्नागिरी
२० ऑक्टोबर २०२५

प्रिय दादा,

सलाम. तुझं पत्र मिळालं. चार पानं, वर मथळे, खाली रेघा. तुझा पेपर कधी आहे रे? त्याचाच सराव वाटला मला.

चिडू नकोस. वाचलं मी, दोनदा वाचलं. मोह तीन वाटांनी येतो, सैतानाकडून, जगाकडून आणि आपल्याच देहस्वभावाकडून. येणं म्हणजे पाप नाही, त्याला होकार देणं म्हणजे पाप. आलाच तर वचनाने उत्तर दे, प्रार्थना कर, आणि मोहापासून पळून जा. आणि शेवटी तू खाली बारीक अक्षरात लिहिलंयस, "मुलगा चांगल्या घरचा आहे का?"

मुलगा नाहीये, दादा. असता तर किती बरं झालं असतं.

वैष्णवीचा प्रश्न नव्हता तो, हे तुझ्या लक्षात आलंच आहे. माझा आहे.

मी खरंच तुझ्या तीन वाटा घेऊन बसल्ये. भाजी चिरताना तो विचार आला की बघायचं, हा कुठून आला. सैतानाचा म्हणावा तर तो माझ्याच आवाजात बोलतो. "दे की गो त्यांना" असं म्हणतो. सैतानाला रत्नागिरीचं बोलणं येतं? येत असेलही, त्याला सगळंच येत असणार. जगाकडून म्हणावं तर मी जगात जात्ये कुठे, दुकान आणि घर. देहस्वभाव म्हणावा तर या विचारात मला काहीच मिळत नाही, ना खायला, ना ल्यायला. उलट विचार चांगलाच दिसतो. प्रेमाचाच दिसतो. हीच तर गोची आहे. तुझ्या चार पानांत मोह नेहमी वाईट तोंड घेऊन येतो.

विचार हा आहे: पप्पांना पातळ चहा द्यावा. साधा, गवती चहा घातलेला, बशीत ओतून.

बस, एवढंच. दया येते मला. माणूस एका कपासाठी रडतो. काल खरोखर रडले. हात जोडता येत नाहीत, तर डावा हातच छातीवर धरला आणि माझ्याकडे बघत बसले. वाटलं, काय करायचेत असले दिवस, प्यावं एकदा मनासारखं. दया हे पाप आहे का? मग मला वाईट का वाटतं?

तू लिहितोस पळून जा. कुठे पळू? चहा करणारी मीच. पाजणारी मीच.

सगुणामावशींनी आज दिवाळीच्या पहिल्या दिवसाचे, चावदिवसाचे पोहे आणले, गुळाचे आणि दह्याचे. पप्पांना देता येत नाहीत म्हणून त्यांच्यासमोर खाल्लेच नाहीत, आत जाऊन खाल्ले. मावशी पण आत आल्या. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, किती वाळल्यस गो. मग आपण होऊनच सांगायला लागल्या. त्यांची सासू अंथरुणाला खिळली होती तेव्हा त्या रोज देवापुढे दिवा लावायच्या आणि मनात म्हणायच्या, घेऊन जा हिला एकदाची. आणि लगेच तिची वेणी घालायला बसायच्या. मी विचारलं, मग तुम्हाला पाप नाही वाटलं? त्या म्हणाल्या, "पाप कसला? कामाचा कंटाळा होता तो."

मला हायसं वाटलं, आणि मग आणखीच गोंधळ झाला. मावशींना कंटाळा वाटला आणि मला पाप वाटतं, ते मी ख्रिस्ती आहे म्हणून का? की त्यांचा विचार नुसता देवाला सांगण्यापुरता होता आणि माझ्या हातात कप आहे, म्हणून?

मावशी कशाबद्दल बोलत होत्या आणि मी तुला कशाबद्दल लिहीत होते, हे वेगळं आहे बरं का. मी दयेबद्दल लिहीत होते. मी हे का जोडलं माहीत नाही. खोडत नाही आता, पानं कमी आहेत.

डिसेंबरनंतर तुला कुठल्या चर्चच्या मंडळीत पाठवतायत ते कळव. आमच्याकडे सगळं ठीक. काळजी करू नकोस.

तुझी
राही


रत्नागिरी
४ नोव्हेंबर २०२५

दादा,

सलाम.

मागच्या पत्रात मी ठीक लिहिलं होतं. ठीक नाहीये. आता सरळ लिहित्ये. मध्येच थांबल्ये तर परत धीर होणार नाही, तेव्हा अक्षराकडे बघू नकोस.

परवा महिन्याचा पहिला रविवार होता. उपासना झाल्यावर पाळकसाहेब आणि मंडळीतल्या दीपालीकाकू पप्पांना प्रभुभोजन द्यायला घरी येणार होते. जूनमध्ये झटका आला त्यानंतर पहिल्यांदाच. पप्पांनी सकाळपासून सदऱ्यासाठी हट्ट धरला होता, तो पांढरा, उपासनेचा. मी दाढी केली, तोंडाला पावडर लावली. नवरदेवासारखे बसवले होते उशा लावून.

आता ऐक. मंडळीत सगळ्यांना माहीत आहे की पप्पांना पॅरालिसिस झालाय. पातळ चालत नाही हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. कोणी विचारलंही नाही, काय खातात विचारलं की मी मऊ भात म्हणायची. प्रभुभोजनाला येतो असा निरोप आला तेव्हाच मला कळायला हवं होतं, की भाकरीबरोबर प्याला येणार. दादा, मला कळलं होतं. शनिवारीच कळलं होतं. फोन करून सांगणं एका मिनिटाचं काम होतं. केलं नाही. म्हटलं, आल्यावर सांगू. आल्यावर म्हटलं, प्रार्थना होऊ दे.

प्रार्थना झाली. भाकरीचा कण पप्पांनी जिभेवर विरघळवून घेतला. मग पाळकसाहेबांनी ती बारकी वाटी उचलली. मनुका उकळून काकू जो रस करतात तोच, पाण्यासारखा पातळ. मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते.

आणि तो आला. मी विचार म्हणत्ये, पण विचार असा नसतो, हे कोणीतरी शेजारी उभं राहून सांगावं तसं होतं, आणि अगदी शांत. तू काही करू नकोस. नुसती उभी राहा. त्यांना हवंय, पाळक देतायत, प्रभूचा प्याला आहे. तुझा हातसुद्धा लागत नाही. यापेक्षा चांगलं जाणं कुठलं?

मी उभी राहिले.

किती वेळ ते विचारू नकोस, मला सांगता येणार नाही. पण दचकून थबकायला जेवढा लागतो त्याहून जास्त होता. त्या वेळात मी पुढचं पाहिलं. तू आलास, मंडळी आली, मग सगळे गेले. मग मी खोली धुतली. मग पुण्याला गेले, एम.ए.ला नाव घातलं, संध्याकाळी कोणी हाक मारली नाही. एवढं सगळं पाहिलं, दादा, आणि मला बरं वाटलं. तुझ्या चार पानांत होकार म्हणतात तो हाच का? की नुसतं बघणं होतं? मला अजून ठरवता येत नाही.

पप्पांचं तोंड उघडं होतं. वाटी ओठाला लागायच्या आधी त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना माहीत होतं ना पातळ चालत नाही, रोज मीच नाही म्हणत्ये. ते बघत होते, आज मी हो म्हणत्ये का.

तेव्हा माझा हात गेला. मी तोंडाने काही बोललेच नाही, वाटीच उडवली. रस चादरीवर, पाळकसाहेबांच्या बाहीवर. दीपालीकाकू म्हणाल्या, "अगो, प्रभूचा प्याला आहे तो." आणि पप्पा रडायला लागले, मोठ्याने.

मग मी सांगितलं सगळं, म्हणजे पावडरीचं. पाळकसाहेबांचा चेहरा उतरला. म्हणाले, मीच विचारायला हवं होतं. मग त्यांनी विचारलं, ती पावडर रसात चालेल का. मी उरलेल्या रसात ढवळून वाटी आणली. ते क्षणभर त्या वाटीकडे बघत राहिले, नियमात बसतं की नाही त्यांनाही कळेना, मग चमच्याने भरवलं. पप्पांनी गिळलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "खळ." काकू हसल्या. मीही हसले. निघताना पाळकसाहेब डोक्यावर हात ठेवून म्हणाले, बरं झालं पोरी, तुझ्या वेळेवर लक्षात आलं.

लक्षात आलं. आता मंडळीभर तेच झालंय. राहीने बापाला वाचवलं. दुकानात एक बाई येऊन सांगून गेली, अशी लेक असावी.

काल दुकानातून परस्पर पाळकसाहेबांकडे गेले. व्हरांड्यातच सांगितलं, तुला सांगितलं तेवढंच. मला वाटलं आता वचनं काढतील. त्यांनी मला बाकावर बसवलं. मग म्हणाले, तो विचार कुठून आला ते मला सांगता येणार नाही, तुझा तो हात कुठून आला तेही सांगता येणार नाही, पण आलेल्या विचाराला तू शेवटी नाही म्हणालीस. मी म्हटलं, उशिरा म्हटलं. ते म्हणाले, "उशिरा, पण म्हणालीस ना? पुढच्या वेळी लवकर म्हणायला काय लागेल, ते बघू."

आणि मग त्यांनी विचारलं, दुपारनंतर घरात आणखी कोण असतं. मी म्हटलं कोणी नाही. म्हणाले, समर्थला हे सगळं माहीत आहे ना? मी हो म्हटलं.

ते खोटं होतं. म्हणून हे पत्र.

घरी आल्यावर मी सगुणामावशींना बाहेर बोलावलं. संध्याकाळचा चहा आजपासून तुम्ही पाजा म्हटलं. का, तेही सांगितलं. त्या लगेच चूल बघायला आत गेल्या. कालचा त्यांनीच पाजला. मी तेवढा वेळ भाट्याच्या पुलापर्यंत चालत जाऊन आले. हे पळून जाणं असेल तर मी पळाल्ये. पण मावशींना त्यांचं घर आहे, सून आहे. रोज नाही जमणार त्यांना, आणि रात्रीचं तर नाहीच.

मी पप्पांवर प्रेम करत्ये. हे लिहावं लागतंय यातच काय ते आलं. ते मरावेत असं मला वाटत नाही. आणि वाटतं. दोन्ही एकाच वेळी, एकाच हातात चमचा असताना. तू शिकतोयस, तुला यातलं कुठलं खरं ते कळत असेल तर येऊन सांग. कळत नसेल तरी ये.

तू नाताळला येणार म्हणालास. नाताळ लांब आहे. ते प्रिन्सिपॉल रजा देत नसतील तर हे पत्र त्यांना दाखव, मला लाज नाही. काही महिन्यांसाठी ये, आपण दोघं मिळून बघू त्यांना, दुपार तुझी तर रात्र माझी. मग पुढे तू कुठल्याही मंडळीत जा.

वचनं पाठवू नकोस आता, माझ्याकडे पुष्कळ आहेत, ती मी म्हणत्येच. प्रार्थना कर. पण गाडीत बसून कर.

तुझी, आणि दुपारनंतर पप्पांजवळ एकटी असलेली,
राही