आलवणावरची चोळी

धरमपेठ, नागपूर
११ डिसेंबर

चि. गार्गी,

अनेक आशीर्वाद. सवयीनं आधी 'चि. सौ.' लिहून बसले होते. केयूरला जाऊन तीन वर्षं झाली, हाताला अजून कळत नाही. तो कागद फाडला, हा दुसरा.

आम्ही दोघं बरे आहोत. थंडी चांगलीच पडली आहे. यांचा गुडघा कुरकुरतो, तरी सकाळचं फिरणं सोडत नाहीत आणि येताना तर्री-पोहे हाणून येतात. यांना वाटतं मला कळत नाही.

तू कपडे केलेला तो सिनेमा पाहिला बरं का. शेजारच्या प्रयागबाईला घेऊन गेले होते. एरवी या ऐतिहासिक सिनेमांत बायका झोपतानासुद्धा नथ घालून, जरीच्या शालूत! तुझ्या बायकांची लुगडी धुऊन धुऊन विटलेली होती, पगड्यासुद्धा नागपुरी वळणाच्या. मनात म्हटलं, शाब्बास पोरी.

मग ती विधवा झालेली सून आली, लाल आलवण नेसून. प्रयागबाई केवढ्यानं ओरडली, "काहून वं यमुताई, विधवा बाईले लाल लुगडं? हे काय दाखवून राहिले?" मागच्या रांगेत कोणी फिदीफिदी हसलं. मला कुठलं राहवतं! वळून म्हटलं, "हसता काय? आपल्याकडे केशवपन झालेल्या बायका लालच नेसायच्या, बिनकाठाचं. पांढरं तुम्हाला सिनेमावाल्यांनी शिकवलं. माझ्या आईच्या आत्याला मी या डोळ्यांनी पाहिलं आहे." प्रयागबाई म्हणे, "बापा! सिनेमा तं पाहू दे."

निर्मात्याला पांढरंच हवं होतं आणि तू अडून बसलीस, हे तू सांगितलं होतंस. जिंकलीस गं.

पण एक चूक आहे. त्या सुनेच्या अंगात चोळी आहे.

तू फोन करून विचारलंस तेव्हा मी स्पष्ट सांगितलं होतं, आलवण नेसणारीला चोळी नाही. पदरच सगळीकडून लपेटून घ्यायचा. आत्याबाई थंडीत तशाच कुडकुडत बसायच्या चुलीपाशी. मी आपली रंग सांगते आहे, पोत सांगते आहे, तू हूं हूं करते आहेस. फोन ठेवल्यावर ध्यानात आलं, केयूरला जाऊन तेव्हा चारच महिने झाले होते, आणि विधवेनं काय नेसायचं हे मी कोणाला सांगत होते! ओट्याला धरून रडले मी त्या दिवशी.

एका बटणासाठी शिंप्याशी दिवसभर भांडणारी तू. तुझ्याकडून हे नजरचुकीनं झालं? छे! तिची चोळी तुझ्याच्यानं काढवली नाही. हे मला तिथे खुर्चीत बसल्या बसल्या कळलं आणि असं रडू फुटलं की प्रयागबाई घाबरली. "इतका काही दुःखाचा नाही वं हा सिनेमा," म्हणाली.

आता खरं लिहिते. दोन आठवडे झाले, मी तुझा फोन उचलत नाही. तू म्हणाली होतीस, "आई, मी गौरांगशी लग्न करते आहे. माझे आईवडील नाहीत, कन्यादानाला तुम्ही दोघं बसा." यांनी तिथल्या तिथे हो म्हटलं. मग मला विचारतात, "तू काहून गप्प बसून राहिली?" काय सांगू यांना?

गौरांग चांगला आहे. माझ्याशी फोनवर बोलला, संधिवाताची चौकशी केली. रागवावं असं त्यानं काहीच केलं नाही, त्याचाच मेला राग येतो.

तुझं लग्न होऊ नये असं नाही गं माझ्या मनात. पण तू आहेस तोवर केयूर कोणाचा तरी नवरा आहे. फोनवर मध्येच म्हणतेस, "केयूर असता तर हसला असता." उद्या दुसऱ्याच्या घरात तुला तसं म्हणता येणार नाही, आणि म्हणूही नये. मग त्याचं नाव काढणारे आम्ही दोन म्हातारे उरलो. आम्ही गेलो की संपलं. माझं पोरगं होतं, हे कोणाला ठाऊकही राहणार नाही.

म्हणून गप्प होते. पण त्या पडद्यावरच्या बाईला तू उघडं पडू दिलं नाहीस, त्यापायी लोकांचे बोल ऐकायची तयारी ठेवलीस. मग माझ्या पोरीला मी तशी कशी ठेवू?

आम्ही येतो. यांच्या ओंजळीत पाणी मीच घालीन, तुझ्या हातावरून ते गौरांगच्या हातावर जाईल. रडणार नाही असं काही कबूल करत नाही. लोकांना वाटेल, मुलीची आई रडते आहे. वाटू दे. मी कोणासाठी रडते आहे ते तुला कळेल. तेव्हा माझ्याकडे बघू नकोस गार्गी. समोर गौरांगकडे बघ.

लग्न लागेपर्यंत तुझी सासू,
यमुना