नेपाळच्या कॅम्पसाठी आलेलं सामान

२ सप्टेंबर
मुलुंडचं घर आता गोडाऊन झालंय. नेपाळच्या क्लायंबिंग कॅम्पला महिना उरला. तिथल्या डोंगरातली पोरं, शिकवायला मी आणि सुहास. आज पवईच्या एका ऑफिसातून देणगीची हेल्मेटं आली, बक्षिसांसाठी हेडटॉर्चही. सगळं नवंकोरं. सुहास खूश. "आता फक्त लहान मापाचे शूज हवेत."

५ सप्टेंबर
आले लहान शूज. पार्ल्याहून मराठेकाका स्वतः रिक्षाने घेऊन आले. त्यांच्या मुलीचे, ऋजुताचे. माझ्याच ग्रुपबरोबर चढायला आली होती, तिथेच पडून गेली. तीन वर्षं झाली. काका माझ्याकडे पहिल्यांदाच.
पिशवीत खाली तिचा रोप. नीट गुंडाळलेला.
"दोर चांगला आहे गं. त्याने दगा दिला नाही. तिनेच काढला होता."
चहा टाकते म्हणून आत गेले. गॅस न पेटवताच उभी राहिले.

६ सप्टेंबर
जुना रोप वरून कितीही चांगला दिसला तरी त्यावर पोरांना चढवायचं नाही. काकांना फोनवर सांगितलं. बरं म्हणाले. मग, "शूज तरी चालतील ना?" चालतील म्हटलं.
मग म्हणाले, ऋजुताच्या नावाने एक बक्षीस ठेवायचंय. छान चढणाऱ्याला नाही, सर्वांत सावध असेल त्याला. "माझी पोर एकदाच निष्काळजी झाली. दुसऱ्या कुणाची होऊ नये."
मी हो म्हणाले. का म्हणाले हो?

९ सप्टेंबर
इथे तरी लिहावं. चढाई संपली होती. सगळे दमलेले. उतरताना शेवटचा घसारा, सुटे दगड. ऋजुता म्हणाली, "मेधाताई, रोप ठेवू का?"
मी म्हणाले, "काढ गं. इथून चालतच जायचंय."
मी पुढे होते. मागे दगड सुटल्याचा आवाज, आणि
पोलिसांना सांगितलं, तिने रोप काढला होता. खोटं नव्हतं ते.

१३ सप्टेंबर
ट्रॉफीवाला ऋजुताच्या बक्षिसावर कोरायचा मजकूर मागतोय. शेवटी सुहासला सगळं सांगितलं. म्हणाला, "आता सांगून काय मिळणार? म्हाताऱ्याची वाट लागेल." थोड्या वेळाने, "पण असं बक्षीस नाही गं देता येणार."

१४ सप्टेंबर
पार्ल्याला गेले. काकू देवळात गेल्या होत्या. वाक्यं ठरवून गेले होते, एकही आठवलं नाही.
"मीच काढ म्हणाले, काका. तिने विचारलं होतं."
काका हाताची बोटं बघत बसले.
"विचारलं होतं तिने?"
"हो."
"विचारलं होतं." पुन्हा, स्वतःशीच.
बस म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत. काकू यायच्या आत मीच उठले.

२० सप्टेंबर
फोन नाही. मीही केला नाही. हेल्मेटांवर नंबर घातले. दिवसभर तेच.

२९ सप्टेंबर
बॅगा बंद. शूज घेतलेत. उद्या सकाळी विमान. ट्रॉफी कोरीच.
संध्याकाळी काकांचा फोन.
"तिच्या आईला मी काही बोललो नाही. तीन वर्षं ती पोरीवरच चिडून आहे. परत आलीस की घरी ये. तूच सांग तिला."
येते म्हणाले. बक्षिसाचं विचारणार होते, तोवर त्यांनी ठेवून दिला.