दोघांतली स्वच्छ कॉपी

२ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून रोजनिशी. कारण सरळ आहे, माझी निवड झाली. मिनिआपोलिसमधल्या आमच्या वस्तीतल्या छोट्या रेडिओ स्टेशनवर दर शनिवारी दुपारी चार ते पाच एक श्रोता येतो, आपले दहा आवडते अल्बम वाजवतो आणि प्रत्येकाचा आपल्या आयुष्याशी काय संबंध ते सांगतो. माझी तारीख १४ मार्च. अट एकच. रेकॉर्ड स्वतःच्या घरून आणायच्या, स्टेशनच्या कपाटातल्या चालत नाहीत. मला हसू आलं. माझ्या हॉलमध्ये सहाशे आहेत.

निवड बेव्हर्लीबाईंनी केली. स्टेशनचं सगळं त्याच बघतात. किती अर्ज आले होते, असं विचारलं. म्हणाल्या, मार्चसाठी तुझा एकट्याचाच. याचा अर्थ बाकीच्यांना आपली पायरी ठाऊक आहे.

कोरीन ऐकेल. आम्ही नऊ वर्षं एकत्र राहतो, पण ती नोव्हेंबरपासून नदीपलीकडे सेंट पॉलला बहिणीकडे राहते आहे. जरा मोकळी हवा हवी म्हणाली. स्टेशन तिकडेही लागतं.

३ फेब्रुवारी

कोरीनबद्दल एकदाच काय ते लिहून ठेवतो, म्हणजे रोज विचार करायला नको. जाताना तिने काय नेलं? कपडे, मांजर, केटली आणि चहाचे चौदा डबे. केटलीवाचून माझं काही अडत नाही, मी कॉफीवाला. काय नाही नेलं? रेकॉर्ड. एकही नाही. ज्याला परत यायचं नसतं तो माणूस रेकॉर्ड मागे ठेवून जातो का? नाही जात. विषय संपला.

४ फेब्रुवारी

कालचा विषय आज पुन्हा निघाला. पण थोडाच वेळ.

७ फेब्रुवारी, शनिवार

यादीला सुरुवात. नियम केला आहे : भावनेच्या आहारी जायचं नाही, फक्त संगीत. पाच अल्बम इंडी रॉकचे, पाच हिप हॉपचे. तोल हवा.

पहिला ठरला. नॉर्वेजियन कझिन्स या बँडचा 'सॉरी अबाउट द लेक'. फार्गोची चार लाजरी पोरं, ड्रम एका गॅरेजमध्ये रेकॉर्ड केलेले, मागे कुणाचा तरी कुत्रा भुंकतो. हा अल्बम म्हणजे मीच. थंडीत गाडी बंद पडली आणि मी अख्खी रात्र याच्या कॅसेटवर काढली, ती गोष्ट सांगायची.

दुसरा, डीकन प्लाऊचा 'सेकंड शिफ्ट'. मिनिआपोलिसच्या उत्तर भागातला रॅपर. दुपारी तीनला कामावर जाणाऱ्या आणि बायकामुलांची तोंडं फक्त झोपेतच बघणाऱ्या माणसांवरचा अख्खा अल्बम. माझे वडील टर्कीच्या कारखान्यात सेकंड शिफ्टला होते. पण हे रेडिओवर नको. रडगाणं वाटेल.

११ फेब्रुवारी

बाहेर उणे अठरा. दुकानात (मी रंग कालवून देतो, भिंतीचे) दिवसभरात दोन गिऱ्हाइकं आली. घरी येऊन फळ्या बघत बसलो.

नऊ वर्षांपूर्वी कोरीन इथे राहायला आली, तेव्हा तिच्या आणि माझ्या रेकॉर्ड एका फळीवर आल्या. आमच्या जातीच्या माणसांत ही गोष्ट लग्नापेक्षा मोठी. जे अल्बम दोघांकडे होते त्यांतली स्वच्छ कॉपी ठेवायची आणि दुसरी विकायची, असा रिवाज आहे. एका रविवारी जमिनीवर बसून आम्ही ते केलं. ज्या विकायच्या त्या लामॉन्टच्या दुकानात दिल्या. विकलेली कॉपी परत घेता येत नाही, म्हणून तर लोक घाबरतात. आम्ही घाबरलो नाही. आता ही फळी फोडायची कुणाची टाप आहे?

१४ फेब्रुवारी, शनिवार

मुद्दाम आजच लामॉन्टकडे गेलो. आजच्या दिवशी एकटी माणसं घरात कुढत बसतात. मी बसत नाही. दुकानात माझ्यासारखे सहा पुरुष होते.

लामॉन्टला यादी दाखवली. तो तीस वर्षं रेकॉर्ड विकतो आहे आणि डीकन प्लाऊच्या पहिल्या कार्यक्रमाला दारात तिकिटं फाडायला उभा होता, तेव्हा त्याच्या मताला किंमत आहे. त्याला गाडी बंद पडल्याची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, लेका डेल, त्या गाडीत तू कुठे होतास? मी होतो आणि कोरीन होती. तुझी अक्कलदाढ काढली होती, तू घरी सूप पीत होतास.

मी म्हणालो, मुद्दा गाडीत कोण होतं हा नाहीच. तो म्हणाला, मग काय आहे? मी म्हणालो, अल्बमचा अर्थ. तो म्हणाला, बरं बाबा.

१५ फेब्रुवारी

यादीतल्या बाकीच्या गोष्टी तपासल्या. पावसात तंबू वाहून गेला तो प्रसंग, कोरीनचा. बसमध्ये हेडफोन लावून रडू आलं, कोरीन. रॅपरने स्टेजवरून टोपी फेकली, ती झेललेली कोरीन. पण नऊ वर्षं या गोष्टी मी ऐकल्या आहेत. ऐकणाऱ्याचाही त्यांवर हक्क असतोच की नाही?

१९ फेब्रुवारी

स्नो इमर्जन्सी. बर्फ काढणारे ट्रक येतात, म्हणून आज रस्त्याच्या सम क्रमांकाच्या बाजूच्या गाड्या हलवायच्या होत्या. मी चौथ्या अल्बमवर विचार करत होतो. गाडी उचलून नेली. सोडवून आणायला अर्धा दिवस. खिडकीतली बाई म्हणाली, दर वर्षी हेच असतं, तुम्हाला कुणी आठवण करून देत नाही का? पूर्वी करून द्यायचं.

आता फोनवर गजर लावणार.

२१ फेब्रुवारी

पुन्हा उचलून नेली. गजर लावायचा राहिला.

२४ फेब्रुवारी, संध्याकाळी ६

घड्याळ लावून सराव. एका तासात दहा अल्बम बसवायचे. पहिल्या अल्बमची प्रस्तावना एकेचाळीस मिनिटं झाली. हिशेबाने पुरा कार्यक्रम सात तासांचा. बेव्हर्लीबाईंना फोन केला. सात तास देता येणार नाहीत म्हणाल्या. कारण विचारलं तर म्हणाल्या, पाचला पोल्काची नाचगाणी असतात.

१ मार्च, रविवार

कोरीनचा मेसेज! शनिवारी दुपारी येऊ का, रेकॉर्डचं बघायचं आहे.

चार वेळा वाचला. 'रेकॉर्डचं बघायचं आहे.' न्यायचं आहे, असं नाही. बघायचं आहे. साडेतीन महिन्यांनी माणूस जुनी फळी बघायला येतो, म्हणजे काय ते उघड आहे.

६ मार्च

घर झाडलं. बाथरूम घासलं. कीमा आणि बटाट्याच्या गोळ्यांचा हॉटडिश उद्या ओव्हनमध्ये टाकायचा, तिला आवडतो. दार उघडताना 'सॉरी अबाउट द लेक' लागलेला हवा, कुत्रा भुंकतो त्या जागी. दोन वेळा तालीम केली.

७ मार्च, शनिवार, संध्याकाळ

दार उघडलं. कुत्रा वेळेवर भुंकला. कोरीनबरोबर तिच्या बहिणीचा नवरा आणि प्लास्टिकचे बारा क्रेट होते.

ती चांगली दिसत होती. तसं सांगितलं. तिने थँक्यू म्हटलं आणि फळीसमोर मांडी घातली. एकेक रेकॉर्ड काढायची, आतल्या कागदी पाकिटाचा कोपरा बघायची आणि क्रेटमध्ये ठेवायची. कोपऱ्यात पेन्सिलने बारीक अक्षरात तिचं नाव, तारीख, गाव. नऊ वर्षांत मला ते एकदाही दिसलं नव्हतं. मी म्हणालो, यांतल्या निम्म्या तर माझ्याकडे आधीपासून होत्या. ती हळूच म्हणाली, होत्या रे. पण स्वच्छ कॉपी ठेवायची असं ठरलं होतं ना? तुझी एकही स्वच्छ नव्हती, डेल.

बहिणीचा नवरा क्रेट उचलताना माझ्याकडे बघत नव्हता. भला माणूस आहे.

मी कॉफी केली. तिने घेतली नाही. घाईत असावी. हॉटडिशसाठी थांबा म्हटलं, तर रस्ते निसरडे होतील म्हणाली.

निघताना म्हणाली, तुझा रेडिओचा कार्यक्रम आहे असं लामॉन्टकडून कळलं. तुला लागतील त्या दहा ठेवून जाते, नंतर पाठवून दे. मी म्हणालो, काही गरज नाही, माझ्याकडे माझ्या आहेत. एवढं ठामपणे मी बऱ्याच दिवसांत काही बोललो नव्हतो.

तिने टर्नटेबलवरची रेकॉर्डही काढून घेतली. तीही तिचीच.

उरल्या तेवीस. त्यांतल्या अकरा नाताळच्या गाण्यांच्या.

८ मार्च

उन्हाळ्याची वेळ सुरू, आज सगळ्यांची घड्याळं एक तास पुढे. रविवार एका तासाने कमी झाला, बरं वाटलं.

विचार केला. तिने रेकॉर्ड नेल्या, कारण त्या ऐकताना तिला मी आठवावा. दुसरं कारण दिसत नाही. हॉटडिश चार दिवस पुरेल.

९ मार्च

दुसरं कारण दिसलं.

दुकानात एका गिऱ्हाइकाला पांढऱ्याऐवजी पिवळा कालवून दिला. घरी आलो आणि कोट न काढता रिकाम्या फळ्यांसमोर बसलो. ती परत येणार नाही. लिहून ठेवलं की बरं वाटतं म्हणतात. नाही वाटलं.

१० मार्च

निर्धार. माझ्या विकलेल्या कॉपी शोधायच्या. नऊ वर्षं झाली म्हणून काय झालं? माझ्यासारख्या खराब रेकॉर्ड कोण विकत घेणार?

१२ मार्च

लामॉन्टच्या दुकानात तीन संध्याकाळी उकिडवं बसून खोके चाळले. तो म्हणाला, तुझा माल लोकांनी हां हां म्हणता नेला रे, ओरखडे असले तरी चांगले अल्बम होते. मग आज तोच खाली बसला माझ्याबरोबर. सगळ्यात खालच्या खोक्यात 'सेकंड शिफ्ट' सापडला. कव्हरवर कपाचा तपकिरी गोल डाग. माझीच.

डाग बघताच आठवलं. कोरीन पहिल्यांदा माझ्या खोलीवर आली ती संध्याकाळ. डीकन प्लाऊ लावला होता. आम्ही बोलत राहिलो आणि तिने बोलता बोलता कप सरळ कव्हरवर ठेवला. रेकॉर्डला बोटाचा ठसा लागू न देणारी ती बाई, माझ्याशी बोलताना भान विसरली! आणि हीच कॉपी मी डाग आहे म्हणून विकली. लामॉन्टने पैसे घेतले नाहीत. म्हणाला, घेऊन जा, नऊ वर्षं जागा अडवून बसली आहे.

ही गोष्ट माझी. हिच्यात कोरीन आहे, पण गोष्ट माझी.

१४ मार्च, शनिवार, रात्री ८

झालं. दहाऐवजी एकच अल्बम घेऊन गेलो. बेव्हर्लीबाईंनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, वेळेत बसेल.

वडिलांचं सांगायचं नव्हतं, पण तास मोठा होता. ते दुपारी दीडला उठायचे, मी शाळेत असायचो. टेबलावर माझ्यासाठी अर्धं सँडविच ठेवलेलं असायचं, त्यांच्या दाताच्या खुणा असलेलं. एवढीच आमची भेट. मग कॉफीच्या कपाची गोष्ट सांगितली, अख्खी. नाव घेतलं नाही. दुसऱ्या बाजूला रेकॉर्ड एका जागी अडकली आणि तीच ओळ सात वेळा वाजली. बेव्हर्लीबाई बोटाने पुढे ढकलायला उठल्या, मी नको म्हणालो.

फोन एकही आला नाही. पण घरी पोचलो तर मेसेज होता. कोरीन : 'ऐकलं. छान बोललास. वडिलांचं कधी सांगितलं नव्हतंस.'

ऐकलं! छान! उद्या उत्तर लिहायचं. घाई करायची नाही. थोडक्यात, पण दार उघडं ठेवून.

१५ मार्च, सकाळी ७

रात्री आणखी एक मेसेज आलेला दिसला.

'कपाचं मात्र मला आठवेना, म्हणून झोप लागली नाही. तो माझा नसणार, डेल. मी आयुष्यात कॉफी प्यायले नाही.'

सकाळी ९

कव्हर उजेडात धरून पाहिलं. डाग कॉफीचाच. एकच.

त्या संध्याकाळी मी खूप बोललो, एवढं आठवतं. डीकन प्लाऊवर, ड्रमवर, माझ्या यादीवर. तेव्हाही यादी होती. ती समोर खुर्चीत बसून ऐकत होती, हात मांडीवर. हातात काही नव्हतं. कप माझा होता. तिला काय घेणार हे मी विचारलंच नव्हतं.

उत्तर लिहायला बसलो आहे.