घंटागाडीवरचा आवाज

मा. मुख्याधिकारी साहेब,

आमच्या भिसेगावात रोज सकाळी घंटागाडी येते आणि ओल्या-सुक्या कचऱ्याचं गाणं वाजवते. ते बंद करावं, असा अर्ज मी तुमच्या नावे लिहिला होता.

गाणं माझ्या मैत्रिणीनं, सुरभीनं म्हटलंय. स्वच्छता मोहिमेसाठी तिनं ते हौसेनं रचलं आणि माझ्या स्वयंपाकघरात, माझ्याच मोबाइलवर आम्ही रेकॉर्ड केलं. शेवटी ती विचारते, "अल्मास, जमलं का गं?" तेवढं कापायचं राहून गेलं. गल्लीतली पोरं अजून ओरडतात, "जमलं, जमलं!" गेल्या वर्षी सुरभी कॅन्सरनं गेली. गाडी आली की मी खिडक्या लावून नळ सोडते. तरी ऐकू येतंच.

काल अर्ज घेऊन निघाले. सुरभीची आई गाडीपाशी डबा धरून उभी होती. डब्यात कांद्याची चार सालं.

ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, एवढ्यासाठी रोज कशाला येता? साठवा की."

"साठवला की वास येतो रं. तू वाजव. घाई नाय करायची."

गाणं पूर्ण संपेपर्यंत त्यांनी डबा त्याच्या हाती दिला नाही. मग मला म्हणाल्या, "कुठं निघालीस गं?"

"बाजारात," मी म्हणाले.

घरी येऊन अर्ज फाडला. गाणं चालूच ठेवा, असं कळवायला हा कागद घेतला. साहेब, तेही लिहवत नाही.

आपली,
अल्मास मुकादम