दाढीतला माईक

तीर्थस्वरूप मामीस भाचीचा नमस्कार.

तुझा गुडघा आता जिना चढू देतो का, ते कळव. मी बरी आहे. मामाही बरा आहे. तू विचारलेलं नाहीस, तरी माहिती म्हणून देते. (फोनवर त्याचं नाव काढलं की तू फोन ठेवतेस, म्हणून हे पत्र.)

डोळे तपासून येतो असं सांगून तो थेट चित्रपटात काम करायला आला, यावरचा तुझा राग रास्त आहे. (डोळे अजून तपासलेले नाहीत.) राजदरबारातल्या भोंदू साधूचं काम त्याला मिळालं, आणि त्याच चित्रपटाचं ध्वनिमुद्रण माझ्याकडे आहे, हा निव्वळ योगायोग.

घोटाळा पहिल्याच प्रसंगात झाला. मामाने हात वर करायचा आणि महालातले दिवे विझायचे, असं ठरलं होतं. त्याने हात वर केला आणि अख्ख्या सेटचीच वीज गेली. जनरेटरमधलं डिझेल संपलं होतं, हे मी सगळ्यांना नीट समजावलं. कुणी ऐकलं नाही. तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत मामापुढे रांग लागते. राजा मुलीच्या लग्नाचं विचारतो, राणी घशाचं, आणि डिझेल भरायला विसरलेला जनरेटरवालाही नोकरीचं विचारून गेला. मामाचं सगळ्यांना एकच उत्तर: "जे अडलंय, ते तूच अडवलंयस." प्रत्येकाला ते तंतोतंत लागू पडतं. (मी विचारलेलं नाही.)

आता मुद्दा. त्याचा माईक मी खोट्या दाढीत लपवते, आणि तो चालू असतो हे मामा दर वेळी विसरतो. त्यामुळे सिंहासनामागे उभा राहून तो काय पुटपुटतो, ते मला हेडफोनमध्ये स्वच्छ ऐकू येतं. "अगं, विचारलं असतं तर तू हसली असतीस." मग, "छे, असं नको. चूक माझीच." रोज नवी तालीम, तुला फोन मात्र करत नाही. परवा स्वतःलाच म्हणाला, "जे अडलंय, ते तूच अडवलंयस." दाढीमुळे थोडी खरखर आहे, पण शब्द स्पष्ट आहेत.

गुडघ्याला जप.

तुझी भाची

ता. क. काल राणीने त्याला डिवचलं, "बाबा, आमचं सांगता, जरा स्वतःचंही सांगा की!" तर हा सगळ्यांसमोर बोलून बसला, की रविवारी दुपारी बायकोचा फोन येईल. आता अख्खा दरबार रविवारची वाट बघतोय आणि मामा जेवणाचं ताट तसंच परत करतोय. तेव्हा फोन कर. हसलीस तरी चालेल. त्यानंतर लोक त्याचे पाय धरतील आणि माझं डिझेल कुणीच ऐकून घेणार नाही, हे मला मान्य आहे.

आणखी एक ता. क. तो बोलायला लागला की मी हेडफोन काढून ठेवीन. (पहिलं वाक्य ऐकून.)